औषधांची पिशवी

घरात कोणी आजारी पडले की आपण दवाखान्यात जातो. डॉक्टर तपासतात, औषध देतात. आपण घरी येऊन ते घेतो आणि बरे होतो. बहुतेक वेळा असेच घडते. म्हणून आपला दवाखान्यावर विश्वास बसतो. तो बसायलाच हवा.

पण कधी कधी औषधच उलटते. आजार राहतो बाजूला आणि औषधाने माणूस अंथरुणाला खिळतो. असे का होते? औषध वाईट असते म्हणून? दर वेळी तसे नसते. डॉक्टरांना कळत नाही म्हणून? तसेही नाही. पुष्कळदा एखादी लहानशी चूक झालेली असते. कोणी विचारायचे राहते, कोणी सांगायचे राहते, कोणी वाचायचे राहते.

अशी एक चूक आमच्याच घरात घडली आणि ती आमच्या हातून घडली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मास्तराने आपली चूक फळ्यावर लिहून दाखवली, तर ती वर्गाच्या कायम ध्यानात राहते.

वहिनींची गोष्ट

आमच्या थोरल्या वहिनी ६२ वर्षांच्या. त्यांना मधुमेह आहे. आपण त्याला शुगर म्हणतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्यांना एक गोळी मिळे. ती त्या रोज सकाळी न्याहारीबरोबर घेत. दोन वर्षे सारे बरे चालले होते.

दिवाळीला त्या तालुक्याला लेकीकडे गेल्या. गोळ्या गावीच विसरल्या. केस पेपरही फडताळातच राहिला. त्यात फराळ झाला. शुगर वाढली आणि चक्कर येऊ लागली. लेकीने त्यांना तिथल्या एका खाजगी डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी विचारले, "आजी, कोणती गोळी चालू आहे?" वहिनी म्हणाल्या, "बारकीशी गोळी आहे बघा." आता बारक्या गोळ्या का थोड्या असतात? डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. मेडिकलच्या दुकानातून नव्या गोळ्या आल्या.

गावी आल्यावर वहिनींनी दोन्ही पाकिटे आमच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "भाऊजी, ही जुनी आणि ही नवी. कोणती घेऊ?"

आम्ही चष्मा लावला. पाकिटे उलटसुलट करून पाहिली. एकावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरेच. आम्ही ऐटीत म्हणालो, "नावं वेगळी आहेत, म्हणजे औषधं वेगळी. दोन्ही घ्या."

मास्तरांचा शब्द! वहिनींनी दोन्ही सुरू केल्या.

पुढे चार-पाच दिवसांनी एकादशी आली. वहिनींनी कडक उपास केला. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत म्हणून दोन्ही घेतल्या. दुपारी सुनेने पाहिले, तो सासूबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. अंगाला दरदरून घाम सुटलेला. हात थरथर कापत होते. बोलणे भलतेच. नातवाला ओळखीनात. माणसे जमली. कोणी म्हणाले, "अंगात आलंय." कोणी लिंबू उतरवायला निघाले.

तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "शुगरची गोळी घेतली का? आणि पोटात काय गेलंय?" उत्तर ऐकताच त्यांनी वाटीत साखर कालवली आणि घोट घोट पाजली. वहिनींना गिळता येत होते, म्हणून पाजली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. ते श्वासनळीत जाते. मग १०८ नंबरला फोन केला. गाडी आली.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून तपासले. साखर फार खाली गेली होती. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिले. वहिनी भानावर आल्या. तरी त्यांना घरी न सोडता ग्रामीण रुग्णालयात रात्रभर ठेवले. या गोळीचा असर बराच वेळ टिकतो. साखर पुन्हा खाली जाऊ शकते.

दोन नावे, औषध एकच

डॉक्टर म्हणाले, "घरात आहेत तेवढी सगळी औषधं पिशवीत घालून आणा." पुतण्या पिशवी घेऊन आला. डॉक्टरांनी दोन पाकिटे शेजारी शेजारी ठेवली. एकेका शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाले, "गुरुजी, हे वाचा."

आम्ही वाचले. दोन्हींवर शब्द एकच होता, ग्लिमेपिराइड.

म्हणजे काय? आपल्याकडे मुलाला पाळण्यातले एक नाव असते आणि हाक मारायचे दुसरे असते. घरात बाळ्या म्हणतात आणि शाळेच्या हजेरीत बाळकृष्ण असते. पण मुलगा एकच. औषधाचे तसेच आहे. मूळ औषधाचे नाव एक असते. ते बनवणाऱ्या कंपन्या अनेक. प्रत्येक कंपनी आपले वेगळे नाव ठेवते. सरकारी दवाखान्याच्या पाकिटावर बहुधा मूळ नावच असते. दुकानातल्या पाकिटावर मूळ नाव असते आणि कंपनीने ठेवलेलेही असते. आम्ही एकावरचे पाळण्यातले नाव वाचले आणि दुसऱ्यावरचे हाकेचे. तिथेच फसलो.

वहिनी रोज दुप्पट औषध घेत होत्या. त्यात उपास. ही गोळी रक्तातली साखर कमी करते. पोटात अन्न नाही आणि गोळी दुप्पट, मग साखर खाली जाणारच. असे फार वेळ राहिले तर माणूस बेशुद्ध होतो, प्रसंगी दगावतो. आशाताईंना यायला उशीर झाला असता, तर आज ही गोष्ट आम्ही वेगळ्या शब्दांत सांगितली असती.

३४ वर्षे आम्ही मुलांना सांगत आलो, "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा." आणि आपल्याच घरात नीट वाचले नाही.

चूक कोणाची?

आम्ही डॉक्टरांना म्हणालो, "माझ्यामुळं झालं हे." डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, एकट्यानं ओझं घेऊ नका. उपासाच्या दिवशी काय करायचं, ते मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं."

पुढे आम्ही विचार केला. डोंगरउताराच्या रानात आपण एकाखाली एक बांध घालतो. वरचा बांध फुटला तरी खालचा पाणी धरतो. सगळेच बांध फुटले तरच माती वाहून जाते. इथे तसेच झाले. केस पेपर बरोबर असता, तर तालुक्याच्या डॉक्टरांना कळले असते. त्यांनी घरी फोन करून गोळीचे नाव विचारायला लावले असते, तर तिथेच थांबले असते. दुकानदाराने विचारले असते, तरी थांबले असते. आम्ही आशाताईंना पाकिटे दाखवली असती, तर थांबले असते. पाच ठिकाणी बांध घालता आला असता. पाचही ठिकाणी राहून गेला.

म्हणून चूक झाली की नुसते भांडण करून भागत नाही. कोणता बांध फुटला ते पाहावे आणि तो बांधून काढावा. चूक लपवली तर तीच चूक उद्या दुसऱ्याच्या घरी होते.

हे आपल्याच गावात घडते असे नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात बाहेरच्या दवाखान्यांत उपचार घेणाऱ्या १० जणांपैकी ४ जणांना उपचारात काही ना काही इजा पोचते. ती लहान असेल, मोठी असेल. पण हीच संघटना असेही सांगते की यातली ८० टक्क्यांपर्यंत इजा टाळता येते. हे लोकांच्या ध्यानात यावे म्हणून २०१९ सालापासून दर वर्षी १७ सप्टेंबर हा दिवस रुग्ण सुरक्षा दिन म्हणून पाळतात.

टाळता येते, ते कसे? आपल्या हाती काय आहे, ते आता पाहू.

पिशवी बरोबर न्या

घरातील प्रत्येक आजारी माणसाची एक कापडी पिशवी करा. तीत केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू असलेली सगळी औषधे ठेवा. झाडपाल्याचे औषध, चूर्ण, काढा हेही ठेवा. कोणत्याही दवाखान्यात जाताना पिशवी न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर मोकळी करा. संकोच करू नका. दोन औषधांचे आपसात पटते की नाही, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असेल, धाप लागली असेल, तोंड सुजले असेल, तर ते केस पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. पेनिसिलिनसारखे औषध काहींना मुळीच चालत नाही. बाई गरोदर असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही आधी सांगा.

आपले नाव पूर्ण सांगा

आरोग्य केंद्रात गर्दी असते. सपाटीवरच्या भागात ३०,००० लोकांमागे एक केंद्र आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक, असे सरकारी प्रमाण आहे. सिस्टरांनी "शिंदे" म्हणून हाक मारली तर चार शिंदे उठतात! एकाचे औषध दुसऱ्याच्या हाती जायला वेळ लागत नाही. म्हणून औषध घेताना आपले नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि वय सांगा. हाती आलेल्या कागदावर तेच आहे ना, हे वाचा. आता तुम्हांला वाचता येते.

ऐकलेले परत म्हणून दाखवा

डॉक्टर भराभर सांगतात. आपण मान हलवतो. बाहेर आलो की अर्धे विसरतो. त्यापेक्षा तिथेच म्हणावे, "डॉक्टर, मी म्हणून दाखवतो, बरोबर आहे का बघा. ही गोळी सकाळी जेवणानंतर एक. ही रात्री अर्धी. पाच दिवस." शाळेत पाढे असेच पाठ होतात. चुकले तर तिथल्या तिथे दुरुस्त होते. यात अडाणीपणा काही नाही.

पाकिटावर मराठीत लिहा

पाकिटावरची अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. ती वाचता येत नाहीत म्हणून नाराज होऊ नका. औषध देणाऱ्याला विचारून कागदाच्या पट्टीवर मराठीत लिहा, "शुगर, सकाळी १". पट्टी पाकिटाला चिकटवा. पण औषधाचे नाव आणि तारीख झाकू नका. सगळ्या गोळ्या एका डबीत ओतू नका. गोळ्या आपापल्या पाकिटातच राहू द्या.

तारीख पाहायला शिका. इंग्रजी आकडे आपल्याला फोनवरून आणि नोटांवरून ठाऊकच असतात. पाकिटावर मुदत लिहिलेली असते, ती महिना आणि वर्ष अशी असते. ५ आणि २०२७ असे असेल, तर मे २०२७ संपेपर्यंत औषध चालते. पुढे घेऊ नये.

पुष्कळ पाकिटांवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका. जंतू मारणाऱ्या औषधांवर ही रेघ पाहा, असे सरकारने २०१६ साली लोकांना मोहीम काढून सांगितले. अशी औषधे मनाने घेतली किंवा अर्ध्यावर सोडली, तर जंतू सोकावतात. मग खऱ्या गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही.

सुई आणि हात

आपल्याकडे एक समज आहे. सुई टोचली तरच डॉक्टर चांगला. हा समज सोडून द्या. गोळीने काम होत असेल तर सुई कशाला? आणि सुई घ्यावीच लागली, तर नवी सुई, नवी पिचकारी, आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर रक्तातून रोग जातो. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात वापरलेल्या सुया-पिचकाऱ्यांतून काविळीची साथ पसरली आणि पुष्कळ माणसे दगावली. २०१८ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यात गावोगाव फिरून सुया टोचणाऱ्या एका भोंदूने तीच सुई अनेकांना वापरल्याचे म्हटले गेले. तिथे कितीतरी लोकांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. दहा रुपयांत सुई टोचतो म्हणून त्याच्याकडे रांग लागे. स्वस्त पडले की महाग, तुम्हीच सांगा.

आता हाताचे ऐका. १८४६ साली व्हिएन्ना शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या एका विभागात बाळंत होणाऱ्या बायकांपैकी शंभरात सुमारे ११ जणी मरत. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी १८४७ साली नियम घातला. बाळंतिणीला तपासण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवा. १८४८ साली हे मरण शंभरात सव्वावर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, फक्त धुतलेले हात. म्हणून जखम बांधण्याआधी, बाळाला हात लावण्याआधी सिस्टरांना नम्रपणे म्हणावे, "ताई, हात धुतले ना?" रागावण्याजोगे त्यात काही नाही. आणि दवाखान्याच्या नळाला पाणीच नसेल, तर तो दोष सिस्टरांचा नाही. तो गावाने ग्रामसभेत मांडायचा प्रश्न आहे.

मुलांचे औषध

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचे औषध वजनावर ठरते. थोरल्याचे उरलेले औषध धाकट्याला देऊ नका. घरातला चमचा मापाला धरू नका. एक लहान, एक मोठा असतो. बाटलीबरोबर आलेले मापच वापरा. औषधाचा एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर.

खोकल्याच्या औषधाबाबत जास्त सावध राहा. २०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका औषधाने वीसहून अधिक लेकरे गेली. त्यातल्या काहींना उपचारासाठी नागपूरला आणले होते. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष आढळले. त्याने मूत्रपिंडे निकामी झाली. त्या महिन्यात केंद्र सरकारने पुन्हा सांगितले की २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि ५ वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. मूल भराभर श्वास घेत असेल, त्याची छाती आत ओढली जात असेल, ते पीत नसेल, तर घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा. आणि कोणतेही औषध चालू असताना मुलाची लघवी कमी झाली, तर तेही तातडीने डॉक्टरांना सांगा.

सांगायला भिऊ नका

औषधाने त्रास झाला तर आधी डॉक्टरांना, सिस्टरांना किंवा आशाताईंना सांगा. औषधांचा त्रास नोंदवण्यासाठी सरकारने २०१० साली एक योजना सुरू केली. तिचा फुकट फोन नंबर १८००-१८०-३०२४ हा आहे. तिथे तुम्हीही कळवू शकता. एकाच्या सांगण्याने दुसऱ्या गावातले माणूस वाचू शकते.

आरोग्य केंद्रासाठी रुग्ण कल्याण समिती असते. तीत आपली माणसे असतात. नळ नाही, औषध नाही, नाव पुकारायची नीट सोय नाही, हे समितीपुढे मांडा. आरडाओरडा करू नका. कोणत्या दिवशी काय घडले, ते कागदावर लिहून द्या. लिहिलेल्या कागदाला वजन असते.

आमच्या आरोग्य केंद्रात आता एक बदल झाला आहे. शुगर आणि बीपीच्या माणसाला सिस्टर पहिला प्रश्न विचारतात, "पिशवी आणली का?" आणि गोळी देताना सांगतात, "उपास असेल तर आधी येऊन विचारा."

वहिनी आता बऱ्या आहेत. गेल्या वर्षापासून त्या रात्रीच्या वर्गाला जातात. अक्षर अजून वळणदार नाही, पण ठसठशीत आहे. परवा त्यांनी पाकिटांना लावायच्या पट्ट्या आपल्या हाताने लिहिल्या. एक पट्टी आमच्यापुढे धरली. तिच्यावर लिहिले होते, "शुगर. सकाळी १. उपास नाही." आम्ही मुद्दाम विचारले, "वहिनी, वाचून दाखवू का?"

त्या म्हणाल्या, "नको भाऊजी. तुमचं वाचणं पाहिलंय मी. आता माझी मी वाचते."